सिंघा, लिओ, चँग आणि बर्फाची बादली

थायलंडमध्ये बिअर मागवली की बाटलीच्या आधी टेबलाशेजारी बर्फाची बादली येते. आत चिमटा खोचलेला असतो. बर्फ म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्या, मधोमध आरपार भोक असलेल्या. कारखान्यातला, शुद्ध पाण्याचा बर्फ ओळखायची खूण तेच भोक. मग बाटली येते, पेले येतात आणि वाढणारी मुलगी काही न विचारता पेल्यात बर्फ टाकून वर बिअर ओतते. पेला अर्धा झाला की ती पुन्हा येते. पुन्हा बर्फ, पुन्हा बिअर.

आपल्याकडे परमिट रूममध्ये बसणाऱ्या कुणालाही हे रुचणार नाही. व्हिस्कीत बर्फ ठीक आहे, पण बिअरमध्ये बर्फ म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या बिअरचं पाणी करणं, असं आपण मानत आलो आहोत. मीही तसंच मानायचो. मला बिअर आवडते ती तिच्या चवीसाठी: भाजक्या धान्याचा वास, हॉप्सचा कडवटपणा, घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला उरणारा कोरडेपणा. त्यामुळे थायलंडला जायचं ठरलं तेव्हा तिथल्या बिअरा नीट, लक्ष देऊन चाखायच्या, हेही ठरलं. विशेषतः एक गोष्ट पाहायची होती. एवढ्या उकाड्याच्या देशात लाइट बिअर चवीला बरी की रेग्युलर?

हा प्रश्न आपल्याला जरा परका आहे. आपल्याकडे दुकानदार विचारतो, 'माइल्ड का स्ट्राँग?' भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. ती ५ टक्क्यांच्या वर आणि ८ टक्क्यांपर्यंत जाते. थायलंडची रेग्युलर बिअर ५ टक्क्यांची, म्हणजे आपल्या माइल्डच्या पायरीवरची. लाइट सहसा तिच्याही खाली, साडेतीन-चार टक्क्यांवर. ही पायरी आपल्या दुकानांत जवळपास नसतेच.

माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त बँकॉकला राहतो. तो थाय बोलतो आणि माझ्यासारखाच चवीनं पितो. पहिल्याच संध्याकाळी तो मला सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी असलेल्या सेव्हन-इलेव्हनमध्ये घेऊन गेला. देशभरात या दुकानांच्या चौदा हजारांहून जास्त शाखा आहेत आणि थाय बिअरचा खरा आरसा म्हणजे त्यांचे फ्रीज. सिंघा, लिओ आणि चँग यांच्या रांगा लागलेल्या, शेजारी थायलंडमध्येच तयार होणारी हायनेकन. छोटा कॅन ३२० मिलिलिटरचा, मोठा ४९० चा, मोठी बाटली ६२० ची. लाइट मात्र दिसेना.

"दादा, लाइट कुठंय?" मी विचारलं.

"मोठ्या सुपरमार्केटात मिळेल. इथं कुणी फारसं मागत नाही," तो म्हणाला. "का मागत नाहीत ते तुला दोन-चार जेवणांत कळेल. मी आत्ताच सांगत नाही."

सिंघापासून सुरुवात करणं योग्यच होतं, कारण थायलंडची बिअर तिथूनच सुरू होते. बून रॉड ब्रुअरी १९३३ मध्ये स्थापन झाली. संस्थापक फ्राया भिरोम भक्ती यांचा त्याआधीचा धंदा चाओ फ्राया नदीवरच्या फेरीबोटींचा होता. नदीवर पूल व्हायचा होता आणि पूल झाला की फेरीचं उत्पन्न आटणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी नवा धंदा शोधला, परदेशात जाऊन बिअर बनवायचं तंत्र पाहिलं आणि नदीकाठी सामसेन भागात कारखाना घातला. १९३९ मध्ये राजघराण्यानं बाटलीवर गरुडचिन्ह लावायची परवानगी दिली. आजही सिंघाच्या बाटलीच्या गळ्यावर पंख पसरलेला गरुड दिसतो आणि पोटावर सोनेरी सिंह. थाय माणसाला या बाटलीबद्दल जो आदर वाटतो, त्यात चवीइतकाच या चिन्हाचाही वाटा आहे.

चवीच्या बाबतीत ती या आदराला उतरते. सिंघा पूर्ण बार्ली माल्टची आहे, तांदूळ वा मका न घालता केलेली. तिच्यात हॉप्स जाणवतात, ओल्या गवतासारखे, किंचित औषधी वनस्पतीसारखे. कडवटपणा स्पष्ट आहे आणि घोट गिळल्यावरही राहतो. दादाच्या घरी गॅलरीत बसून बर्फाशिवाय, फक्त फ्रीजमधून काढलेली सिंघा प्यायलो तेव्हा वाटलं, आशियातल्या मोठ्या कारखान्यांच्या बिअरांमध्ये हिचा क्रमांक फार वरचा असावा. पूर्वी ती ६ टक्क्यांची होती, २००७ मध्ये ५ वर आली. जुने पिणारे अजून ती जुनी, अंगावर येणारी सिंघा आठवतात. मला मात्र ५ टक्क्यांचीही भरदार वाटली. माल्ट पुरेसा असला की अल्कोहोल कमी झाल्यानं बिअर लगेच पोकळ होत नाही.

चँगची गोष्ट निराळी. ही १९९५ ची, मद्यव्यवसायातले बडे उद्योगपती चारोएन सिरिवधनभक्ती यांनी बाजारात आणलेली. तेव्हा ती ६.४ टक्क्यांची होती आणि स्वस्त होती. गावोगावच्या दारू विक्रेत्यांचं जाळं आधीपासून हाताशी होतं. काही वर्षांतच चँगनं सिंघाचं दशकानुदशकांचं वर्चस्व मोडलं. पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या परदेशी तरुणांत तिच्या दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीच्या कथा तेव्हापासून फिरतात. तिला तोंड द्यायला बून रॉडनं त्याच दशकाच्या अखेरीस लिओ काढली. किंमत सिंघापेक्षा कमी, चव सौम्य, लेबलवर बिबट्या. पुढे लिओच कंपनीची सगळ्यात जास्त खपणारी बिअर झाली आणि आज साध्या खानावळीत 'बिया' मागितली की बहुतेक वेळा तीच समोर येते.

लिओ बर्फाशिवाय प्यायली तर पहिल्या घोटात थोडी गोडसर, मऊ लागते. कडवटपणा आहे, पण तो मागे राहतो. वास फारसा नाही. नुसती प्यायला बसलो तर अर्ध्या बाटलीनंतर तिच्यात लक्ष गुंतत नाही. चँगही गोडीकडे झुकणारी, धान्याचा वास जास्त, थोडी मक्याच्या कणसाची आठवण करून देणारी. २०१५ मध्ये चँगनं आपले वेगवेगळे प्रकार बंद करून सगळा भर 'क्लासिक' या एकाच बिअरवर आणला. बाटलीही तपकिरी होती ती हिरवी केली. त्या फेरबदलात ४.२ टक्क्यांची चँग लाइटही गेली. देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीनं लाइट बंद करावी आणि पिणाऱ्यांनी तिच्यासाठी हाकाटी करू नये, यातच थाय जिभेचा कौल दिसतो.

हिरव्या बाटलीचं दिसणं देखणं आहे, पण त्याची किंमत चवीला मोजावी लागते. हॉप्समधली काही द्रव्यं उजेडानं फुटतात आणि त्यांतून एक उग्र, गंधकासारखा वास तयार होतो. तपकिरी काच तो उजेड बऱ्याच प्रमाणात अडवते, हिरवी अडवत नाही. समुद्रकिनाऱ्यावर उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीतली बिअर त्यामुळेच कधीकधी नाकाला खटकते. चँग प्यायची तर कॅनमधली प्यावी, किंवा दुकानाच्या फ्रीजच्या आतल्या रांगेतली घ्यावी. सिंघा आणि लिओ तपकिरी बाटलीत येतात, त्यांना ही भीती कमी.

लाइट अखेर मोठ्या सुपरमार्केटमध्ये सापडली. सिंघा लाइट, ३.५ टक्क्यांची. शेजारीच सॅन मिगेल लाइट होती. ही मूळची फिलिपिन्सची, पण थायलंडमध्येही बनते आणि बँकॉकमधल्या परदेशी लोकांत तिचा चाहतावर्ग आहे. दोन्ही कॅन घरी आणून दादानं आणि मी शेजारी शेजारी उघडले.

या दोघींत मोठा फरक आहे. सॅन मिगेल लाइटमध्ये अल्कोहोल ५ टक्केच असतो. तिचा हलकेपणा कॅलरीचा. बार्लीला मोड आणून, वाळवून केलेल्या माल्टमधून जी साखर पाण्यात उतरते, ती सगळीच यीस्टला खाता येत नाही. जी उरते तिच्यामुळे बिअरला अंग येतं, तोंडात भरल्यासारखं वाटतं. उरलेली ही साखर विकरं वापरून फोडली की यीस्ट तीही खाऊन टाकतं. बिअर कोरडी आणि पातळ होते, अल्कोहोल हवा तेवढा ठेवता येतो, कॅलरी कमी होतात. सिंघा लाइटमध्ये खुद्द अल्कोहोलच कमी आहे. त्यासाठी मुळात माल्टच कमी घालायचा, म्हणजे आंबायला साखरच कमी. रस्ते दोन, पण दोन्हींत पहिल्यांदा जातं ते अंग.

सिंघा लाइटला मी मनापासून संधी दिली. थंडगार, बर्फाशिवाय, जेवणाआधी. वास छान होता, ब्रेडच्या कडेसारखा आणि जरासा लिंबाच्या सालीसारखा. पहिला घोट स्वच्छ, चुरचुरीत. पण चव जिथे फुलायला हवी तिथेच ती संपते. सिंघाचा कडवटपणा तिच्यात आहे, त्याला पेलणारं धान्य नाही. त्यामुळे तो कडवटपणा एकटा पडतो आणि जरा धातूसारखा लागतो. सॅन मिगेल लाइट त्याहून गुळगुळीत, त्याहून रिकामी. "उन्हातून आल्यावर पहिला कॅन म्हणून चालेल," दादा म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि त्या वेळेपुरती ती फार छान चालते हेही मान्य करायला हवं.

तिची खरी जागा मला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. खाव मन कै म्हणजे कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात, वर उकडलेल्या कोंबडीचे काप, काकडी, आणि बाजूला आलं-सोयाबीनची चटणी. सौम्य, तुपकट, पोटाला आधार देणारं जेवण. दादाच्या स्वयंपाकघरात ते मांडून आम्ही सिंघा लाइट घेतली आणि ती शोभली. तेलकटपणा तिनं धुऊन काढला, भाताच्या नाजूक वासावर ती चढली नाही. रेग्युलर सिंघा तिथे दांडगाई करते. एक गोष्ट तिथे पक्की झाली: साध्या, मऊ जेवणाबरोबर लाइट, आणि तीही बर्फाविना.

पण थायलंड सौम्य जेवणांचा देश नाही. दादाला जे दाखवायचं होतं ते इसानमध्ये होतं, ईशान्येकडच्या त्या कोरड्या पठारावर, जिथल्या माणसांनी बँकॉकच्या रस्त्यांवरचं अर्धं खाणं घडवलं आहे. आम्ही रात्रीच्या गाडीनं नोंग खायला निघालो. बँकॉकपासून हे अंतर सुमारे सव्वासहाशे किलोमीटर आहे. गाडीत बिअर नसते. २०१४ पासून थाय रेल्वेत आणि स्थानकांत दारूला बंदी आहे. सकाळी उतरलो तेव्हा समोर मेकाँग नदी होती, रुंद, चहाच्या रंगाची, आणि पलीकडे लाओस. १९९४ मध्ये सुरू झालेला मैत्री पूल इथूनच नदी ओलांडतो.

ता सादेत बाजाराच्या मागे, नदीकाठाला समांतर गल्लीत एक खानावळ होती. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, मातीच्या उखळात पपई ठेचायचा सतत येणारा आवाज. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. दादानं त्यांना 'पा' म्हणून हाक मारली, तिथे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. सोम तम आलं: कच्च्या पपईचा कीस, लिंबू, ताडगूळ, लाल मिरची आणि प्ला रा, म्हणजे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात आंबवलेले मासे. लाप आलं: खिमा, पुदिना, लिंबू आणि भाजून कुटलेले तांदूळ. कै यांग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. बांबूच्या करंडीत चिकट भात. आणि अर्थात बर्फाची बादली.

आम्ही सिंघा लाइट सोबत नेली होती. पांनी ती ठेवून घ्यायला हरकत घेतली नाही, फक्त कॅनकडे पाहून दादाला काहीतरी म्हणाल्या. "त्या म्हणतायत, हिच्यात बर्फ घालू नका, मग काहीच उरणार नाही," दादानं सांगितलं.

त्यांचं म्हणणं अगदी खरं निघालं. सोम तमचा एक घास, त्यावर लाइटचा एक घोट. लिंबाच्या आंबटपणापुढे ती बिअर गायब झाली. मिरचीवर तिचा काही इलाज नव्हता. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, आणि बिअरमधल्या एवढ्याशा अल्कोहोलनंही तो फारसा जात नाही. उलट फसफसणारे बुडबुडे भाजलेल्या जिभेला आणखी टोचतात. तोंड शांत होतं ते गोडीनं. लाइट बिअरमध्ये तीच गोडी काढून टाकलेली असते.

मग पांनी लिओ आणली, पेल्यात तीन नळकांड्या टाकल्या आणि ओतली. पहिला घोट पूर्ण बिअरचा होता: गार, धान्याचा, गोडसर. मिरचीची धार बसली. दुसऱ्या घासाबरोबर बर्फ थोडा वितळला होता, बिअर आणखी गार आणि जरा पातळ. तिसऱ्या-चौथ्या घासापर्यंत ती एवढी हलकी झाली की तहान भागवायला पुरेशी. आणि पेला संपायच्या आत पांनी वरून ताजी बिअर ओतली, चव पुन्हा वर आली. जेवणाच्या लयीत बिअर जड-हलकी होत राहते आणि प्रत्येक घासाला हवी तशी हजर असते.

मी तिथे बसून हिशेब केला. २०० मिलिलिटर रेग्युलर बिअरमध्ये ८५ मिलिलिटर बर्फ वितळला तर ५ टक्क्यांचे साडेतीन टक्के होतात, म्हणजे बरोबर सिंघा लाइट. थाय माणूस लाइट बिअर पितोच, फक्त ती पेल्यात तयार करतो. कारखान्यातली लाइट पहिल्या घोटापासून पातळ असते आणि शेवटपर्यंत तशीच राहते. पेल्यातली लाइट भरदार सुरू होते आणि हळूहळू हलकी होते. तोंडात पहिला ठसा धान्याचा आणि गोडीचा उमटलेला असतो, त्या आठवणीवर पुढचे पातळ घोटही चवदार लागतात. दादाला जे दाखवायचं होतं ते हेच होतं.

सिंघाही त्याच टेबलावर घेतली. इथे ती वेगळीच निघाली. मीठ कडवटपणा दाबतं हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. कारल्याला आपण मीठ चोळतो ते काही उगाच नाही. प्ला रा आणि फिश सॉसच्या खारटपणापुढे सिंघाचा कडवटपणा मागे सरला आणि तिच्यातला माल्ट पुढे आला, भाजक्या कोंबडीच्या कातडीशी जुळणारा. बर्फातही ती लिओपेक्षा जास्त वेळ टिकली. खरं तर चवीनं बघितलं तर कै यांगबरोबर सिंघाच सरस. पण तिखट सोम तमबरोबर लिओ जास्त उपयोगी, कारण तिची गोडी तिथे कामाला येते.

शेजारच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षक आपल्या जावयाबरोबर बसले होते. बोलता बोलता त्यांनी चँगची बाटली आमच्याकडे सरकवली. त्यांच्या मते सिंघा पाहुण्यांसाठी, लिओ मित्रांसाठी आणि चँग भातकापणी संपल्यावर. कापणीच्या दिवसांत घामानं अंग भिजलेलं असताना त्यांना चँगची गोडी हवी असते. लाइटबद्दल विचारलं तर म्हणाले, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या लोकांची. जावई हसून म्हणाला, मला आवडते, बँकॉकला ऑफिसच्या पार्टीत मी तीच घेतो, कारण तिथे जेवण नसतं, नुसतं बोलणं असतं. दोघांचीही मतं मला मोलाची वाटली. दोघांनी बिअरविषयी बोलताना ती कुठे, कुणाबरोबर आणि कशासोबत प्यायची हे आधी सांगितलं.

संध्याकाळी नदीकाठच्या एका दुकानात पलीकडची बिअरलाओ मिळाली. लाओ ब्रुअरीचं उत्पादन १९७३ पासूनचं, बिअर ५ टक्क्यांची, माल्टबरोबर तिथलाच तांदूळ घालून केलेली. तांदळानं बिअरचं अंग सडसडीत होतं, पण ती पोकळ होत नाही. बर्फ न घालता ती सगळ्या थाय रेग्युलर बिअरांपेक्षा हलकी लागली आणि सगळ्या लाइटपेक्षा चवदार. हलकेपणा हवा तर अल्कोहोल वा माल्ट खरवडून काढण्यापेक्षा धान्य बदलावं, हे लाओसच्या माणसांना पटलेलं दिसतं.

बिअर पातळ न करता गार ठेवायचे उपायही थायलंडला माहीत आहेत. बँकॉकमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुखद हवेत सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर बिअर गार्डन भरतं. तिथे टेबलावर तीन लिटरचा उंच मनोरा येतो, मधोमध बर्फ भरलेली बंद नळी असते. बर्फ बिअरला शिवत नाही, तरी ती गार राहते. दुसरा प्रकार बिया वुन. बाटली शून्याच्या खाली, पण न गोठवता ठेवायची आणि उघडून हलकेच आपटायची. आतल्या आत बिअरचा मऊ बर्फ होतो. उकाड्यात तो घशाखाली उतरताना फार सुख होतं. पण एवढ्या गारव्यात जीभ बधिर होते, वास उठत नाही आणि सिंघा, लिओ, चँग यांत फरक करणं अवघड होतं. चव ज्याला हवी त्यानं बिया वुन पहिल्या पेल्यापुरतं घ्यावं.

थाय बिअरविषयी मतं ऐकायची तर ती टेबलावरच ऐकावी लागतात, याला एक कारण कायद्यातही आहे. २००८ च्या मद्य नियंत्रण कायद्यातलं ३२ वं कलम जाहिरातीवर कडक बंधनं घालतं. समाजमाध्यमावर बिअरच्या पेल्याचा फोटो टाकून तिचं कौतुक केलं म्हणून साध्या माणसांना दंड झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच मोठ्या फलकांवर तुम्हाला सिंघा सोडा आणि चँगचं पिण्याचं पाणी दिसतं, बोधचिन्ह तेच. मी गेलो तेव्हा दुपारी २ ते ५ या वेळात दुकानांत बिअर विकायलाही बंदी होती. १९७२ पासून चालत आलेला नियम. मद्यानं घरं मोडतात हे आपल्यालाही माहीत आहे, त्यामुळे बंधनांमागची काळजी मला समजते. पण चवीबद्दल प्रामाणिकपणे बोलणं आणि विक्री वाढवणं यांत फरक आहे, आणि कायद्यानं तो करायला हवा असं मला ठाम वाटतं.

चवीचं आणखी मोठं नुकसान दुसऱ्या नियमानं केलं. अनेक वर्षं थायलंडमध्ये बिअर बनवायचा परवाना हवा तर १ कोटी बाट भांडवल लागायचं. जागेवरच विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीला वर्षाला किमान १ लाख लिटर आणि बाटलीत भरून विकायची तर १ कोटी लिटर उत्पादन बंधनकारक होतं. म्हणजे बाजार दोन घराण्यांचाच राहणार. २०१७ मध्ये ताओपिपोप लिमजित्राकोर्न या तरुणाला घरी बिअर बनवली म्हणून अटक झाली. २०१९ मध्ये तोच खासदार म्हणून निवडून आला आणि त्यानं संसदेत हा प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये भांडवलाची आणि किमान उत्पादनाची अट सरकारनं शिथिल केली.

बँकॉकच्या उत्तरेला चाओ फ्रायातल्या कोह क्रेत बेटावर चिट बिअर नावाची जागा आहे. तिथल्या माणसांनी जुन्या नियमांच्या काळातही लोकांना बिअर बनवायला शिकवलं, आणि थाय क्राफ्ट बिअरची पिढी घडवण्यात त्यांचा मोठा हात आहे. नदीला लागून असलेल्या तिथल्या फळ्यांवर बसून मी पेल एल प्यायलो. फळांचा वास, भरपूर हॉप्स, स्वच्छ कडवटपणा. तिथे बर्फाची बादली नव्हती आणि ती लागलीही नाही. वासासाठीच केलेली बिअर बर्फानं मारायची नसते.

तिथेच माझं मत पक्कं झालं. थायलंडच्या मोठ्या कारखान्यांची रेग्युलर बिअर बर्फासाठी आणि तिखटासाठी घडलेली आहे. तिला बर्फाशिवाय, जेवणाशिवाय चाखून 'गोड आहे' किंवा 'साधी आहे' म्हणणं म्हणजे तिची निम्मीच चव पाहणं. लाइट बिअर त्या पद्धतीत बसत नाही, कारण बर्फानं करायचं काम कारखान्यानं आधीच करून टाकलेलं असतं. तिला वेगळी जागा द्यावी लागते: उन्हातून आल्यावरचा पहिला घोट, सौम्य भात, किंवा जेवणाविना रंगलेल्या गप्पा.

म्हणून थायलंडला जाणाऱ्या मराठी माणसाला मी हे सांगेन. पहिल्या संध्याकाळी सिंघा बर्फाशिवाय घ्या, तिची ओळख तशीच होते. इसानी जेवणाला लिओ, बर्फ घालून. खानावळीतल्या बाईंना ओतू द्या, प्रमाण त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. भाजक्या कोंबडीबरोबर पुन्हा सिंघा. चँग कॅनमधली. लाइट घ्यायची तर बर्फ दूर ठेवा आणि ताटात मिरची नसू द्या. कोह क्रेतला गेलात तर छोट्या ब्रुअरीच्या माणसांना एक विनंती जरूर करा: थाय तांदळाची, साडेतीन टक्क्यांची, हॉप्सचा वास भरपूर असलेली बिअर करा. बिअरलाओनं तांदळातून येणारा हलकेपणा दाखवला आहे, कोह क्रेतनं वास दाखवला आहे, आणि नियम आता आड येत नाही. सोम तमपुढे उभी राहील अशी खरी थाय लाइट बिअर याच दोन गोष्टींतून होऊ शकते, आणि ती झाली तर मी ती प्यायला पुन्हा जाईन.